पडलेल्या झाडाचं प्रकरण

आईच्या पुस्तकाला एका वाचकाने दिलेला तो एकुलता एक तारा चिंगीने मोबाइलवर अंगठ्याखाली दाबला आणि घसा खाकरला. खरं तर दाबायची काही गरज नव्हती. आईची नजर गेल्या दोन वर्षांत पार धुरकटली होती, समोर बसलेली लेकसुद्धा तिला आवाजावरूनच कळायची. पण खोटं बोलायचं म्हटलं की हात आपोआप काहीतरी झाकायला जातो.

"वाच ना," आई म्हणाली. "दातखीळ बसली का?"

"अगं हो, वाचते. बरीच मतं आलीत आज."

बरीच म्हणजे तीन. आईने अख्खी नोकरी जंगलात झाडं मोजण्यात घालवली होती. कुऱ्हाड कधीच न लागलेली ती जुनी, सदाहरित जंगलं आपल्या डोळ्यांदेखत कशी नाहीशी झाली, हे तिने निवृत्तीनंतर जिवाचं रान करून लिहून काढलं. वाचकांची मतं मात्र अशी यायची. पहिला म्हणत होता, 'झाडांची नावं वाचता वाचता डोळा लागला. झोपेची गोळी बंद केली.' दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून झोपेच्या गोळ्या देणाऱ्या चिंगीला यावर हसावं की रडावं कळेना. दुसऱ्याने पाच तारे दिले होते. 'पॅकिंग उत्तम. अजून वाचलेलं नाही.' आणि अंगठ्याखाली तिसरा होता.

दाराशी सुतळीने बांधलेली चार खोकी होती. त्यात दुसऱ्या पुस्तकाची टिपणं, नकाशे, वाळलेली पानं होती. आईने परवाच जाहीर करून टाकलं होतं, की कुणाला वाचायचं नाहीये, उगाच घरात धूळ कशाला? रद्दीवाल्याला आज दुपारी बोलावलंही होतं. चिंगीने हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की तो यायच्या आत आजची मतं एकदा ऐकायची.

"एका शाळेतल्या बाईंनी लिहिलंय," चिंगी म्हणाली. मोबाइलचा पडदा केव्हाच काळा झाला होता. "'पुस्तक खाली ठेववेना. सगळ्यात आवडलं ते शेवटचं प्रकरण. तो म्हातारा वृक्ष वादळात कोसळतो, आणि इतकी वर्षं अंधारात गुडघ्याएवढीच राहिलेली रोपं पहिल्यांदा ऊन बघतात. पुढच्या खेपेला लेखिका तिथे जातात, तर रोपं त्यांच्या डोक्यावर गेलेली. ते वाचून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. पुढचं पुस्तक कधी?'"

आईचा हात टेबलावरून चाचपडत पुढे आला, चष्म्याच्या डबीला लागला आणि तिथेच थांबला.

"कुठलं प्रकरण म्हणालीस?"

"शेवटचं. पडलेल्या झाडाचं."

"खिडकीत जाऊन उभी राहिली?"

"असं लिहिलंय बाई तिने."

"चिंगे," आई म्हणाली, "ते प्रकरण पुस्तकात नाहीये."

चिंगीचा अंगठा पडद्यावर तसाच राहिला.

"पानं फार होत होती. प्रकाशक म्हणाला, हे जरा हळवं झालंय, काढू या. मीही हो म्हटलं. छापायच्या आधीच ते गळलं." आईचा आवाज अगदी साधा होता. "तू छापील पुस्तक उघडलंच नाहीस ना?"

कशाला उघडणार? आईचं किरटं अक्षर जगात फक्त चिंगीलाच लागायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तिची नजर तयार झाली होती. दुकानातून आल्यावर, भांडी आवरून, तिनेच सगळं पुस्तक टाइप केलं होतं. तिला ते पाठ होतं. आणि ते प्रकरण टाइप करून झाल्यावर ती खरंच खिडकीत जाऊन उभी राहिली होती. समोर नुसती पलीकडच्या इमारतीची भिंत होती, तरी उभी राहिली होती.

"आई, मी..."

"राहू दे. मला केव्हाचाच संशय होता. खरं वाचताना तू अडखळतेस. कौतुक मात्र घडाघडा येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटायचं गं," आई म्हणाली. तिने नाक ओढलं, पदर सारखा केला. "आता खरं काय आलंय ते वाच. तुला माझी शपथ."

चिंगीने अंगठा काढून बटण दाबलं. पडदा उजळला. "'गेलं, संपलं, तोडलं. तीनशे पानं हेच.'" ती अडखळली. "'मग आम्ही करायचं तरी काय?'"

आईला हसू फुटलं, आणि ते काही आवरेना. चिंगी घाबरून उठली.

"अगं, बरोबर आहे त्याचं! ज्यात उत्तर होतं तेवढंच नेमकं मी काढून टाकलं. हा माणूस शेवटच्या पानापर्यंत गेला, म्हणून तर एवढा चिडलाय. याला उत्तर लिहिता येतं का तिथे?"

"येतं."

"लिही मग. म्हणावं, एक प्रकरण तुम्हाला द्यायचं राहिलंय. प्रकाशक सोडला, तर ते आजवर एकीनेच वाचलंय. तिला आवडलं, म्हणून पुढचं पुस्तक तिथूनच सुरू करते."

चिंगी लिहू लागली. अक्षरं डोळ्यांपुढे पोहत होती, दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"रद्दीवाला," ती म्हणाली.

"थांबव त्याला," आई खुर्चीच्या हातावर जोर देत उठली. "खोक्यांची सुतळी कापायला त्याच्याकडे चाकू असेल."