दलदलीच्या अलीकडे

"मामा, आधी चाकांखाली फळ्या टाकायच्या ना?" रुतलेल्या सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर चाचरत म्हणाला.

"तीस वर्षं गाड्या ओढतोय मी. आता तू शिकव मला!" मामा खेकसले आणि त्यांनी ओढगाडी तशीच मागे घेतली.

वास्तविक फळ्यांशिवाय दोर लावायचा नाही, हे तीस वर्षं सगळ्यांना मामाच बजावत आले होते. पण आज धीर कुणाला होता? अकरा वाजून गेले होते. दलदलीपलीकडच्या गावातून ताईला तिचा मुलगा बारा वाजता कायमची शहरात नेणार होता. आई गेल्यावर मामांना तिनेच वाढवलं. आता ती ऐंशीची. पुन्हा भेट कसली होतेय! निघण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसायचं, एवढंच मामांना हवं होतं. आणि बर्फ वितळून लोण्यासारख्या मऊ झालेल्या त्या एकुलत्या एक जवळच्या वाटेत नेमका हा ट्रक आडवा!

दोर ताणला. ट्रक तसूभर हलला नाही. उलट ओढगाडीच घसरली आणि दारापर्यंत चिखलात बसली.

"मी म्हटलं होतं..."

"तोंड बंद ठेव!" मामा ओरडले. राग सगळा स्वतःवरच होता.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. "दुसरी ओढगाडी पाठवा. लगेच."

"दुसरी कुठून आणू, मामा?" कारकून म्हणाला. "आहे ती एकच, आणि ती तुमच्याकडेच आहे की!"

मामांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि फावडं घेतलं. उपसावं तितका चिखल पुन्हा आत येत होता.

साडेबाराला पलीकडच्या काठावर एक गाडी येऊन थांबली. भाचा उतरला. "मामा, मी लांबच्या पक्क्या रस्त्यानेच जाणार होतो," तो ओरडला. "पण आई हटूनच बसली. म्हणाली, इकडून ने, वाटेत भाऊ भेटेल."

त्याचा हात धरून ताई उतरली. मधे पन्नास पावलांचा चिखल. मामा तसेच आत घुसले. चौथ्या पावलाला कमरेपर्यंत गेले.

"मागे फीर, गाढवा!" ताईचा आवाज अजून खणखणीत होता. "फीर म्हणते ना!"

ट्रकवाल्याने त्यांना दोराने बाहेर ओढलं.

"जेवलास का रे?" ताईने विचारलं.

"हो! पोटभर!" मामांनी ओरडून सांगितलं. सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता.

"बरं. जप हो."

अंधाराच्या आत शहर गाठायचं होतं. भाच्याने गाडी वळवली. खिडकीतून ताईचा हात हलत राहिला. मामांनीही चिखलाने माखलेला हात वर केला.

"मामा, गेली गाडी," बऱ्याच वेळाने ट्रकवाला हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," मामा म्हणाले. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.