मध्येच आवाज जातो

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर माणसांच्या हिशेबानं मी अजून बालवाडीत असायला हवा. पण आमच्यात दोन-तीन दिवाळ्या पाहिल्या की आजोबाच म्हणतात. माझा रंग निळा होता. आता तो कोणता आहे, यावर घरात एकमत नाही.

माझा जन्म कुठं झाला, हे माझ्या पोटाखालच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद हळदीच्या बोटांनी कधीच पुसला गेला. एवढंच आठवतं की एका लांब पट्ट्यावरून माझ्यासारखे पुष्कळ जण सरकत होते आणि एक बाई प्रत्येकाला थोडं बोलायला लावत होती. बोलला तो पास. काय बोलला, हे कुणी पाहत नव्हतं. माणसांच्या मुलाखतीही बऱ्याचदा अशाच होतात, असं मला पुढे कळलं.

यवतमाळच्या बाजारातून मला बंटीनं आणलं. बंटी म्हणजे बाभुळगावजवळच्या रामराव आणि इंदुताईंचा धाकटा मुलगा. माझी नेमणूक वाढदिवसांसाठी होती. बंटीचे मित्र इतके होते आणि ते इतक्या वेळा जन्मले होते, की मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझ्याविषयी रामरावांनी काढलेले पहिले कौतुकाचे उद्गार मला पाठ आहेत : "बंद कर हे डबडं! म्हैस दूध चोरून राह्यली."

पुढं बंटीनं चाकांचा, लुकलुकत्या दिव्यांचा मोठा स्पीकर घेतला आणि माझी बदली फ्रिजवर झाली. तिथं माझ्या आधीपासून एक बंद घड्याळ आणि प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ होता. तिघांनाही काही काम नव्हतं, तरी घरातली उंच जागा आम्हालाच होती. सरकारी खात्यात अशी जागा मिळायला वशिला लागतो म्हणे.

मला खाली उतरवलं ते इंदुताईंनी, आणि कारण होतं त्यांची थोरली मुलगी प्रेरणा. ती पुण्याला नोकरी करते आणि उरलेल्या वेळात विचार करते. त्या विचारांचा तिनं पॉडकास्ट काढला, 'थोडं थांबूया' नावाचा. भाषा, चालीरीती, माणसं एकमेकांशी अशी का वागतात, असले त्याचे विषय. इंदुताईंनी ही बातमी रामरावांना दिली तेव्हा ते अंगणात कापसाच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते.

"पाडकास्ट? ही कोनती नवी कास्ट? व्हॅलिडिटी काढा लागते का तिची?"

"अवो, रेडिओसारखं असते ते."

"मंग रेडिओ म्हन ना. पोट्टीनं पुन्याले जाऊन रेडिओ काढला. इथं काय कमी होते?"

इंदुताईंच्या मोबाइलचा आवाज पिचका. शिवाय वेचणीचे दिवस, घरात बसून ऐकायला सवड कुणाला? म्हणून त्यांनी मोबाइल आणि मी, दोघांनाही एका कापडी पिशवीत घातलं, पिशवी काठीला टांगली आणि काठी शेतात तासाच्या तोंडाशी रोवली. तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. बाया वेचत पुढं सरकल्या की काठीही उपटून पुढं रोवायची. अशा रीतीनं मी माझ्या कुळात शेतीत उतरलेला पहिलाच.

वेचायला तांड्यावरून, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवरून, तिघी यायच्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, कमरेला ओटी, बोटं बोंडात आणि कान रिकामे. मानीबाई वयानं मोठी, त्यामुळे कुठल्याही विषयावर पहिलं मत तिचं. जमनी नवी सून, हसण्याचं खातं तिच्याकडे. आणि बसंतीबाई. बसंतीबाई बोलायला उशिरा सुरुवात करते, कारण ती आधी गोष्ट पूर्ण मनात लावून घेते. तोवर जग पुढं गेलेलं असतं.

पहिला भाग एकांतावर होता. प्रेरणा माझ्या तोंडून छान, शांत बोलली आणि शेवटी म्हणाली, "आपण सगळेच आपला एकांत हरवून बसलो आहोत का? तुम्हाला काय वाटतं?"

तिघींचे हात बोंडावर थांबले. एवढ्या आदरानं त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं.

"एकांत म्हनजे घरी कोनी नसते तवाचं ना?" मानीबाई म्हणाली. "मंग हारवाले आंधी सापडा तं लागते."

"मी सांगू का," बसंतीबाईनं घसा साफ केला, "माह्यं असं हाये—"

पण प्रेरणा पुढच्या मुद्द्याला लागली होती. मीही लागलो होतो. माझा नाइलाज होता.

"लय घाई हाये वो तुमच्या पोरीले," मानीबाई इंदुताईंना म्हणाली. "इचारते, अन् आयकून घेत नाही."

"नाव तं 'थांबूया' ठेवलं!" जमनी हसली.

इंदुताई म्हणाल्या, "अवो, ते आधीच बोलून ठेवलेलं असते. तिले आपलं आयकू येत नाही."

"मंग इचारते कायले?" मानीबाई म्हणाली. इंदुताईंनी काठी उपटून पुढं रोवली.

तरी तिघी रोज उत्तरं देत राहिल्या. सवयच लागली. एकदा विषय होता आभार. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, प्रेमाला शब्द लागत नाहीत असं आपण धरून चालतो. खरंच लागत नाहीत का? तुम्हाला काय वाटतं?

"मी नवऱ्याले थ्यांक्यू म्हनलं," जमनी म्हणाली, "तं तो मले भगताकडे घेऊन जाईन. म्हनीन, हिच्या अंगात आलं."

"हास तू," मानीबाई म्हणाली. "सारी जिंदगी रांधून घातलं मी. एका मानसानं एक डाव म्हनलं असतं तं काय जीभ झडली असती का?"

"कायले पायजे?" बसंतीबाईनं मान हलवली. "घरच्याचे आभार मानले का तो पाहुना होते. अन्—"

पुढचं राहिलं. माझ्या तोंडून संगीत वाजलं आणि भाग संपला. पण वाद संपला नाही. दुसऱ्या दिवशीही मानीबाई आणि बसंतीबाई दोन वेगवेगळ्या तासांवरून एकमेकींशी भांडत होत्या आणि मधल्या तासावरची जमनी दोघींना हो म्हणत होती. मित्रांनो, वाढदिवसांत मी पुष्कळ आरडाओरडा पाहिला, पण माझ्या बोलण्यावरून कुणी भांडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

अशातच एका संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला. इंदुताईंचे हात भाकरीच्या पिठात होते, त्यांनी करंगळीनं माझं बटण दाबलं आणि फोन माझ्यातून सुरू झाला. माझ्या कडेला एक बारीक भोक आहे. बंटी त्यात अगरबत्ती खोचायचा. ते खरं म्हणजे ऐकण्याचं भोक आहे.

"आई, मी पॉडकास्ट बंद करतेय."

"काहून?"

"कुणी ऐकत नाही गं. एक जण प्रत्येक भागाखाली नुसतं 'छान' लिहितो. एक काका रोज हात जोडतात. आणि एक प्राध्यापक आहेत, ते पानभर लिहितात. सुरुवातच अशी : 'मी हा भाग ऐकलेला नाही, तरीही...'"

"आमी आयकतो ना."

"तू आई आहेस. मी शिंकले तरी तू शाबासकी देशील."

"अन् बाया? त्या तं भांडतात वं तुह्या बोलन्यावरून."

"त्या बिचाऱ्या कापूस सोडून जाणार कुठं? तू लावतेस म्हणून ऐकतात." प्रेरणा म्हणाली. "इतके दिवस मी एका भिंतीशी बोलतेय असं वाटतं, आई. शेवटचा भाग केलाय. उद्या टाकते."

 तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात भाकरी करपणं ही मोठी घटना आहे; रामरावांनी ती न बोलता खाल्ली, ही त्याहून मोठी.

दुसऱ्या दिवशी इंदुताईंनी शेवटचा भाग लावला आणि डबकी, म्हणजे पाण्याचा लहान कॅन, घेऊन त्या शेजारच्या विहिरीवर पाणी आणायला निघून गेल्या. मला वाटतं, त्यांना तो बायांसमोर ऐकायचा नव्हता.

"...खूप प्रश्न विचारले," प्रेरणा माझ्या तोंडून म्हणत होती. "उत्तरं आली नाहीत. कदाचित माझे प्रश्नच चुकले असतील. तुम्हाला काय वाटतं?"

तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. "उत्तरं आली नाहीत?" मानीबाईचा आवाज चढला. "मंग आमी काय इतके दिवस चिमन्या हाकलून राह्यलो?"

नेमका तेव्हाच माझ्या अंगातून ट्रिंग ट्रिंग सुरू झालं. पिशवीतला मोबाइल वाजत होता. जमनीला वाटलं, स्पीकर बिघडला. तिनं धावत येऊन बटण दाबलं.

"हॅलो?" प्रेरणाचा आवाज आला. "रागावलीस का? ऐकतेस ना?"

"आयकून राह्यलो!" मानीबाई ओरडली. "कवाच्या आयकून राह्यलो! थांबली वो, आज थांबली पोट्टी!"

"कोण बोलतं—"

"चूप! तुह्यं झालं. आता तू आयक."

हा फोन आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही. इतके दिवस विचारणारी बाई आज एकदाची ऐकायला थांबली, एवढंच त्यांना दिसलं. आणि मग मित्रांनो, हंगामभर साठलेली सगळी उत्तरं एकदम निघाली. मानीबाईनं एकांतापासून सुरुवात केली. एकांत तिला सापडला होता, पहाटे चुलीपुढं, आणि तो तिला आवडला नव्हता. नावांवरचा भाग बरोबर होता, पण लग्नात नाव बदललं तरी माहेरचं नाव भांड्यांवर राहतं, ते प्रेरणा विसरली होती. मरणावरचा भाग वाईट होता. "तुले काही मालूम नाही त्यातलं. पन रडू आलं."

"मी सासूले थ्यांक्यू म्हनून पाह्यलं," जमनी मध्ये घुसली. "तं म्हने, काय फोडलं?"

"अन् बंद कायले करते?" मानीबाईनं काठीच धरली, माझा तोल गेला. "तू खोटं बोलते मधामधात, थे आमी सांगतो ना! आमी कोनाशी भांडाचं मंग? आपसातल्या भांडनाचा कंटाळा आला होता आमाले. तुह्यावरून नवं भांडन भेटलं."

माझ्या पोटात रेकॉर्ड करून ठेवलेली बाई एवढ्यात म्हणाली, "ब्याटरी लो."

"तू नको बोलू मधात!" जमनीनं तिला गप्प केलं.

मी दोन्हीकडचं ऐकत होतो. पुण्याच्या बाजूला पंखा फिरत होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असावी. पुण्याची हवा तशी असते म्हणे.

इंदुताई डबकी डोक्यावर घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आल्या, त्यांनी ऐकलं, त्यांना कळलं. डबकी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. तशाच उभ्या राहिल्या, पाणी खांद्यावर सांडत.

"आता मी सांगते," बसंतीबाई पुढं आली. पदर नीट केला. "आभाराचं. घरच्याचे आभार मानले का तो पाहुना होते. अन्—"

आणि मी मेलो. म्हणजे चार्जिंग संपलं.

"गेली," बसंतीबाई म्हणाली. "माह्यंच राह्यलं."

पुढच्या आठवड्यात नवा भाग आला. शेवटच्या भागानंतर भाग येतो, हे प्राध्यापकांना पटलं नाही. त्यांनी तो न ऐकताच तसं लिहिलं. विषय होता भांडण. प्रेरणा नेहमीसारखी बोलली आणि शेवटी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यानंतर काहीच नाही. मी चालू होतो, माझा निळा दिवा चालू होता, पण देण्यासारखा शब्द माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी रामराव शेतात आले होते. त्यांनी मला दोन थपडा मारल्या. "गेलं डबडं."

"हात नका लावू," इंदुताई म्हणाल्या. "बरोबर चालू हाये ते."

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी खाली लिहिलं : मध्येच आवाज जातो, एडिटिंगकडे लक्ष द्या. 'छान'वाल्यानं पहिल्यांदाच दोन शब्द लिहिले : 'छान, तपासा.' प्रेरणानं काही तपासलं नाही. आता प्रत्येक भागात प्रश्नानंतर तशी रिकामी जागा असते, आणि दर रविवारी ती फोन करून विचारते की तिघी काय म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. तर माझी जाळी अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसा, चार्जिंगची पिन उलटी खुपसू नका आणि माझ्या कानात अगरबत्ती खोचू नका. आणि कुणाला काही विचारलंत, तर लगेच पुढच्या मुद्द्याला लागू नका. मी बोलण्यासाठी बनलो, बोललो म्हणून पास झालो. पण गप्प राहण्याची नेमणूक मिळाल्यापासून माझी किंमत वाढली आहे. हल्ली मला वेचणीला रुमालात गुंडाळून नेतात.

आजचा भाग चालू आहे. प्रश्न विचारून झाला, मानीबाईचं झालं, जमनीचं हसून झालं. प्रेरणा पुन्हा बोलायला लागली तशी बसंतीबाईनं हात वर केला, "थांब वं, माह्यं झालं नाही," आणि जमनीनं माझं बटण दाबलं. बसंतीबाई अजूनही त्या आभारांवरच आहे. घरच्याचे आभार मानले का तो पाहुना होते, म्हणते, अन् नाही मानले तं...

ती विचार करते आहे. आम्ही थांबलो आहोत.