जीपच्या बॉनेटवर तापलेली हलगी

विषय : क्रांती चौक परिसरात कला सादर करणे व पैसे मागणे यांचे नियमन, त्यात जप्त झालेली हलगी परत मिळणेबाबत.

वरील विषयातली हलगी ती मीच. सध्या मुक्काम कार्यालयाच्या जप्तीच्या खोलीत, एका हातगाडीच्या चाकाशेजारी.

माझा जन्म सिल्लोडच्या बाजारातला. कडे लोहाराने दिले, कातडे बोकडाने. बोकडाची हरकत कोणी नोंदवून घेतली नाही. सांडूने मला घेतले तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याची बायको द्वारकाबाई दोरावरून चालते आणि तो मला वाजवतो. वर असताना ती खाली बघत नाही. माझा ठोका ऐकून पाऊल टाकते. ठोका हरवला की थांबते.

माझी एक खोड आहे. दमट हवेत माझे कातडे सैल पडते आणि मी उशी थोपटल्यासारखी वाजते. म्हणून खेळाआधी सांडू रद्दी पेटवून मला शेकतो. मग मी सगळ्या चौकाला ऐकू जाते.

यंदा नियम आला. चौकात खेळ करायचा तर परवाना हवा. नसेल तर खेळ करणाऱ्यास भिकारी समजून हटवावे. माणूस तोच, फरक कागदाचा. परवान्याआधी जागेवर चाचणी ठरली.

त्या सकाळी आभाळ भरलेले होते. सांडूने बांबूच्या कैच्या उभ्या करून दोर ताणला. निरीक्षक विश्वजीत साहेब जीपमध्येच बसून राहिले. त्यांना एसी हवा होता, म्हणून इंजिनही चालू. सांडूने रद्दी पेटवली तशी काच खाली आली.

"ए, जाळ विझव! रस्त्यावर जाळ करायचा नाही, नियमात आहे."

"साहेब, तापल्याबिगर बोलत नाय ती."

"मग मुकी वाजव. मला अजून दोन चौक करायचेत."

सांडूने चपलेने जाळ विझवला. "द्वारके, आज नगं चढू."

"अन् उद्या? उद्या हेच साहेब भिकारी म्हणून गाडीत कोंबतील. वाजवा तुमी."

ती चढली. अर्ध्यापर्यंत नीट गेली. मग सिग्नल सुटला आणि हॉर्नच्या कल्लोळात माझा ओला ठोका बुडाला. द्वारकाबाई मधोमध थांबली. तिच्या हातातली काठी एका अंगाला झुकली, सावरली, पुन्हा झुकली. खाली फरशी होती. बघणाऱ्यांनी मोबाइल वर धरले. झेलायला हात कोणी धरला नाही.

"अवं, ऐकू येईना!" ती वरूनच म्हणाली. मान मात्र हलवली नाही.

सांडूने चौफेर पाहिले. मग धावत जाऊन त्याने मला जीपच्या बॉनेटवर पालथी दाबली. बॉनेट तव्यासारखे तापलेले.

"अरे ए! सरकारी गाडी आहे ती!" साहेब उतरून त्याचा दंड ओढू लागले.

"ती उतरू द्या, मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

दोर थरथरू लागला होता. माझे कातडे तापून ताणले जात होते, पण सावकाश. आयुष्यात स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता. अखेर सांडूने दंड सोडवून घेतला, मला उचलले आणि टिपरू मारले. मी कडाडले. द्वारकाबाईचे पाऊल पुढे पडले, मग दुसरे. पलीकडे उतरून ती जमिनीवर बसली.

साहेबांनी जागच्या जागी अहवाल लिहिला : "कला आढळली. तथापि शासकीय वाहनावर विनापरवाना वाद्य तापविल्याने वाद्य जप्त." साहेब खोटे लिहीत नाहीत.

आता परवान्यासाठी वाद्य दाखवावे लागते आणि वाद्य सोडवण्यासाठी परवाना. माझ्याशिवाय द्वारकाबाई दोरावर चढत नाही. दोघे सिग्नलला गाड्यांच्या काचा वाजवून पैसे मागतात. हे मागणे बंद व्हावे म्हणूनच नियम आला होता.

काल दाराशी द्वारकाबाईचा आवाज आला. ती शिपायाला विनवत होती.

"दादा, तिला ओल लागू देऊ नका. उन्हात तरी ठेवा."

"बाई, अर्ज दिलाय ना?"

"व्हय."

"मग झालं तर."

या खोलीत ऊन येत नाही. माझे कातडे कडेला सुटू लागले आहे. सांडूचा अर्ज विचाराधीन आहे.