मोलकरणीच्या तोंडची गोष्ट

दिग्दर्शक एकाएकी गोड बोलायला लागला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. इतके दिवस "ए मोलकरीण, जरा सरक" म्हणणारा माणूस आज "ताई, चहा घेतलात का?" विचारतो म्हणजे काय! स्वतःच्या बायकोला तरी विचारत असेल का?

सिनेमा काळ्या माणसांच्या हक्कांवरचा, आणि नायक मात्र गोरा वकील. तिची भूमिका त्याच्या काळ्या मोलकरणीची. अख्ख्या सिनेमात "हो साहेब", "नाही साहेब", बस्स. त्या मोलकरणीला ना नाव, ना घरदार. मग एकदा तिने आपल्या मामाची गोष्ट दिग्दर्शकाला सांगितली. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या बाकावर बसला म्हणून त्याला जमावाने ठार मारलं होतं. दिग्दर्शकाने डोळे पुसले आणि ती गोष्ट मोलकरणीच्या तोंडी घातली. आज त्याच प्रसंगाचं चित्रीकरण, म्हणून तिची आई हट्टाने सेटवर आली होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. "माझ्या भावाबद्दल कुणीतरी चारचौघांत बोललेलं मला एकदा ऐकू दे गं," एवढंच तिचं मागणं.

कॅमेऱ्याचा मदतनीस अंतर मोजायची टेप घेऊन आला. टेप ज्याच्या चेहऱ्यापर्यंत जाते, पडद्यावर तो स्पष्ट दिसतो, बाकीचे धूसर. टेप तिच्या कानाजवळून मागे गेली, थेट वकिलाच्या नाकापर्यंत.

"आणि माझं माप?"

"तुम्ही बोला हो ताई, बिनधास्त!" म्हणत तो सटकला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनो, गोष्ट माझ्या घरातली आणि चेहरा याचा? बघू तरी, ऐकतंय का कुणी. कॅमेरा सुरू झाला आणि ती तोंड मिटून उभी राहिली.

मागे वकिलाच्या डोळ्यांतून ठरल्या वेळी घळाघळा पाणी वाहिलं.

"कट! अंगावर काटा आला, ताई!" दिग्दर्शक धावत आला. "काय बोललात हो मामाबद्दल!"

"बोलली कुठे?" कोपऱ्यातून आई म्हणाली. "मी कानांत प्राण आणून बसले होते. एक शब्द आला नाही."

मग आवाजाची यंत्रं सांभाळणारा हळूच म्हणाला, "काही बिघडलं नाही, सर. तिथे यांचा आवाज काढून आपण संगीतच टाकणार होतो."

तिला रडू कोसळलं. आईला उठवायला तिने हात पुढे केला, पण आई जागची हलेना.

"आता बोल," आई म्हणाली. "मी ऐकतेय."