थुर्कुर चारला

आमच्या खोऱ्यात कुणी "थुर्कुर येतोय" म्हणालं की त्याचे दोन अर्थ निघतात. पहिला म्हणजे उघडीप, गवत कापून वाळवण्याजोगी कोरडी हवा. दुसरा म्हणजे बँड. बँडला हे नाव बावीस वर्षांपूर्वी मीच दिलं. शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही चौघं वाजवायचो, मी अकॉर्डियन, उनी गिटार, आणि गायचाही तोच. त्या वर्षी जुलैभर असा पाऊस लागला होता की चांगल्या कुठल्याही गोष्टीला उघडीपच म्हणावंसं वाटायचं. ऑगस्टात बाकीचे तिघे राजधानीला गेले. मीही जाणार होते, बॅग भरलेली होती. पण गवत कापून पडलेलं होतं, म्हणून मागे राहिले.

तेव्हापासून त्यांची एकूण एक गाणी मला पाठ आहेत, आणि समोर उभं राहून मी एकही ऐकलेलं नव्हतं. कधी मेंढ्यांची वीण, कधी बाबांचं कंबरेचं ऑपरेशन, कधी बर्फानं घाट बंद. यंदा मात्र ते आमच्याच खाडीच्या तोंडाशी, गावच्या उन्हाळी जत्रेत वाजवणार होते. शनिवारी रात्री आठला. तिकीट तीन महिने फ्रीजवर चिकटवलेलं होतं. येता-जाता ते मी उगाचच सरळ करायचे.

अठरा दिवस धो धो पाऊस. शुक्रवारी दुपारी एकदाचा थांबला. मी कुंपणाचे खांब ठोकत होते. तेवढ्यात बाबा अंगणात आला, टोपी मागे सारून आभाळाकडं बघत.

"एय्विंदुरचा फोन होता," तो म्हणाला. "उद्या चारपर्यंत थुर्कुर."

एय्विंदुर गावातलं सहकारी दुकान चालवतो आणि जत्राही तोच भरवतो. हवामानातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण त्याचा मेव्हणा विमानतळावर आहे, त्यामुळं कधीकधी त्याच्याकडं आतली बातमी असते.

"आणि नंतर?"

"नंतर पाऊस. कापून टाकू आत्ताच. तू रात्री जाशील तुझ्या गाण्याला, तोवर सगळं आवरलेलं असेल."

बाबा ऐंशीला टेकलाय, तरी ट्रॅक्टरवर चढायला मदत केली तर चिडतो. सातपर्यंत त्यानं घराजवळचं सगळं कुरण आडवं केलं. आमच्याकडं एक वाईट खोड आहे. थोर्ग्नीर, म्हणजे बाबा, कापतोय म्हटलं की सगळं खोरं कापतं. रेडिओपेक्षा म्हाताऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर लोकांचा जास्त विश्वास. जेवायला बसलो तेव्हा खिडकीतून मोजलं, सहा कुरणांत ट्रॅक्टर फिरत होते.

शनिवारी सकाळपासून मला चैन नव्हतं. वारा नैऋत्येचा, उबदार, हवा तसा. दोनदा गवत उलटंपालटं केलं. पण गठ्ठे बांधायचं यंत्र खोऱ्यात एकच, दागब्यर्तचं, आणि गवत सात घरांचं पडलेलं. आमचा नंबर पाचवा. मी बांधावर उभी राहून तिच्या लाल ट्रॅक्टरची वाट बघायचे, घरात जाऊन कॉफी ओतायचे, ती न पिताच पुन्हा बाहेर यायचे. अंघोळ केली, केस धुतले, परत कामाचेच कपडे चढवले. अंथरुणावर इस्त्री केलेला निळा शर्ट पसरून ठेवला होता, त्याच्याकडं जाऊन बघून आले.

"बस की जरा," बाबा म्हणाला. "तुझ्याकडं बघून मेंढ्या आटतील."

"तू कसा इतका शांत?"

"मला कुठं जायचंय?"

सव्वातीनला दागब्यर्त यंत्र ओढत आली. माझ्याच वयाची आहे, वर्गात मागच्या बाकावर बसायची. तिनं काच खाली केली आणि माझ्याकडं भूत बघावं तशी बघत राहिली.

"तू अजून इथं काय करतेस?"

"तुझीच वाट बघतेय. चारपर्यंत थुर्कुर आहे ना."

"चारपर्यंत कसला? चारला. स्टेजवर. रात्री वादळ म्हणून त्यांनी आठचं चारवर आणलंय. माझी पोरं दोनलाच गेली."

बाबा यंत्राच्या मागच्या बाजूला उभा राहून दोरीची गाठ तपासत होता, जिला तपासण्यासारखं काही नव्हतं.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, हवेचंच बोलतोय."

दागब्यर्तला हसू आवरेना. "म्हणजे बँडच्या भरवशावर अख्ख्या खोऱ्यानं गवत कापलं? थोर्ग्नीर, ध चा मा केलास रे बाबा. हे लोक तुला वर्षभर सोडणार नाहीत."

मला हसू आलं नाही. मी कुरणाकडं पाहिलं, एकही गठ्ठा बांधलेला नव्हता. पश्चिमेला डोंगरामागं काळं चढत होतं. बाबा म्हणाला, "दोघांनी केलं तर पाचपर्यंत होईल." एवढंच म्हणाला. जाऊ नको असं म्हणाला नाही.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. जीपमध्ये बसले तेव्हा तिकीट हातात होतं आणि अंगात शेणाचे डाग पडलेले कामाचे कपडे होते. निळा शर्ट अंथरुणावरच राहिला.

एरवी चाळीस मिनिटांचा रस्ता. घाटात धुकं होतं. उतारावर एक मेंढी रस्त्याच्या अलीकडं, तिची दोन कोकरं पलीकडं. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, अशा वेळी थांबायचं, कारण कोकरं आईकडं धावणार म्हणजे धावणारच. मी थांबले. ती धावेनात. मी हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, काच खाली करून विनवण्या केल्या. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली. शेवटी आईच कंटाळून पलीकडं गेली.

गाव दिसायच्या आधी आवाज आला. ढोलाचा ठोका वाऱ्याबरोबर येत होता आणि मधेच तुटत होता. मी जीप मासळीच्या कारखान्यामागं कशीतरी लावली, दार उघडं टाकलं आणि पळाले. फाटकावर एय्विंदुर होता, गळ्यात शिट्टी, हातात कांदा घातलेला सॉसेज-पाव.

"स्टेइन्वर, उशीर किती. तिसरं गाणं चाललंय."

"तुझ्यामुळंच. नीट सांगता येत नाही फोनवर?"

त्याचं चावणं थांबलं. "मी नीटच सांगितलं. बँड चारला, आठला नाही. दोनदा सांगितलं. थोर्ग्नीर म्हणाला, थांब, लिहून घेतो. लिहून परत वाचूनही दाखवलं त्यानं मला. उनी तुझी चौकशी करतोय, तेही सांगितलं."

मी तिकीट त्याच्या हातात कोंबलं. मग आत गेले.

गर्दी फार नव्हती, असतील तीनशे-साडेतीनशे लोक. निम्मे आमच्याच खोऱ्यातले. रंगीत स्वेटर, रबरी बूट, खांद्यावर पोरं. मी मधेच कुठेतरी उभी राहिले. उनीचे केस पांढरे झाले होते. माझं सर्वांत आवडतं गाणं चालू होतं, बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं, आणि माझं लक्ष लागत नव्हतं. ज्यासाठी बावीस वर्षं थांबले ते समोर चाललं होतं, आणि मी मनात एकच वाक्य घोळवत होते. लिहून घेतलं. वाचूनही दाखवलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं नाही का वाटत?"

तेवढ्यात पहिला थेंब माझ्या हातावर पडला.

एक गंमत आहे, शेतकऱ्याला थेंब गाण्यातूनही ऐकू येतो. गाण्याच्या मधेच सगळ्या माना एकदम वर गेल्या. मग कुणीतरी "गवत" म्हणालं, आणि बघता बघता माणसं गाड्यांकडं पळायला लागली. पोरं रडली, कुणाच्या हातची कॉफी सांडली. उनी गाता गाता थांबला आणि माइकवर म्हणाला, "बावीस वर्षं झाली, थुर्कुर आला की पाऊस येतोच." उरलेले शंभरेक लोक हसले. सवयीनं माझेही पाय फाटकाकडं वळले होते.

खिशात फोन वाजला. बाबा.

"पाऊस लागला," तो म्हणाला.

"इथंही."

"दागब्यर्तनं नऊ गठ्ठे बांधले. बाकीचं भिजतंय. आत्ता निघालीस तर ताडपत्री तरी टाकता येईल."

मागं पावसाचा आणि यंत्राचा आवाज येत होता. तो धापा टाकत होता. मला त्याची दया आली, आणि दया आली याचाच राग आला.

"बाबा, तू लिहून घेतलं होतंस."

तो श्वास आत ओढत "याउ" म्हणाला. आमच्याकडं नको असलेला होकार असाच देतात.

"का?"

"का ते तुला ठाऊक आहे."

"नाही. तू सांग."

यंत्र बंद झालं. त्यानं हात करून दागब्यर्तला थांबवलं असणार.

"तुझी आई अक्युरेयरी शहरात नर्सिंग शिकायला जाणार होती," तो म्हणाला. "तू व्हायच्या आधी. बस यायच्या दिवशी सकाळी मी मुख्य कुरण कापून टाकलं. ती थांबली. मग त्या वर्षी, तू राजधानीला निघालीस तेव्हाही, तेच केलं. कापलेलं गवत टाकून तुम्ही दोघी जाणार नाही, हे मला माहीत होतं. दुसरं मला काही येत नव्हतं, स्टेइना. थांब म्हणता आलं नाही मला कधी."

आईला हे कधी कळलं होतं का, असं विचारावंसं वाटलं. ती खिडकीत उभी राहून तासन् तास रस्त्याकडं बघायची, एवढंच मला माहीत होतं.

"मग आता म्हण," मी म्हणाले.

पाऊस त्याच्याकडंही वाजत होता, माझ्याकडंही. स्टेजवर पुढचं गाणं सुरू झालं होतं.

"नाही म्हणत," तो म्हणाला. "ऐकून ये."

मी फोन बंद केला नाही, तसाच खिशात टाकला. माणसं पांगल्यामुळं पुढं जायला सरळ वाट झाली होती. मी चिखलातून चालत कठड्यापाशी गेले. उनीनं मला पाहिलं, ओळखलं, आणि त्याचा एक सूर चुकला. भिजणाऱ्या गवताचा विचार मनात आला नाही म्हणाले तर खोटं होईल. प्रत्येक गाण्याला आला. पण शेवटचं गाणं संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.