येसूबाईचा धवला माझ्या तोंडून

मी एक जुना टीव्ही आहे. बत्तीस इंची. शिरवण्याच्या गावठाणात येसूबाईच्या घरी भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक काळी रेघ आली आहे. घरातले म्हणतात, वय झालं. म्हणोत बापडे. मित्रांनो, आम्हा टीव्हींना स्वतःचं बोलायला कधी मिळत नाही. जन्मभर दुसऱ्याचंच बोलायचं. आज पहिल्यांदाच माझं सांगतो आहे, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते जुईनगरच्या एका दुकानात. तिथे एकाच भिंतीवर आम्ही वीसेक भावंडं होतो आणि सगळ्यांच्या तोंडात एकच गाणं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येसूबाईचा मुलगा गणू आला. तो पावण्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याने मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. येसूबाईने मला हळदकुंकू लावलं, तेही थेट पडद्यावर. गणूची बायको भावना ओरडली, "अवो आई, काच खराब होल!" येसूबाई म्हणाली, "होऊंदे. घरात आयलाय तर मान नको त्याला?" इतका मान मला पुढे कधी मिळाला नाही.

आता येसूबाईबद्दल सांगायला हवं. वय सत्तरीच्या पुढे. गुडघे गेले तोवर बाजारात मच्छी विकली. पण तिची खरी ओळख वेगळी. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. हळदीच्या दिवशी ती एक खास धवला गाते. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावतात. आजा, आजी, काका, जो कोणी गेला असेल तो. नाव घेतल्याशिवाय ते येत नाहीत, आणि ते आल्याशिवाय हळद लागत नाही, असं येसूबाई सांगायची. मी आलो तेव्हा तिला वर्षातून एखादंच बोलावणं यायचं. बाकी सगळीकडे डीजे. ती म्हणायची, "मी मेली का सगळा माज्यासंगती जानार." भावना म्हणायची, "आई, शुभ बोला की जरा." पण म्हातारी खोटं बोलत नव्हती.

आणि मग 'चंद्राचा मांडव' सुरू झाली.

संध्याकाळी साडेसातची मालिका. नायिका चंद्रा, खाडीकाठच्या गावातली मच्छी विकणारी पोरगी. तिची आई जानकी, धवलारीण! पहिल्या भागात जानकी जेव्हा "हाय" म्हणाली, "नाय" म्हणाली, तेव्हा शेजारची पुतळा उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "गो बाय, ही तर आपल्यासारकी बोलते," ती म्हणाली. इतकी वर्षं माझ्या तोंडून ही भाषा निघाली होती ती फक्त विनोदासाठी, मोलकरणीच्या नाहीतर दारुड्याच्या तोंडी. मला स्वतःलाच कसं गोड वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या दहा-बारा बायका साडेसातला येसूबाईच्या घरात. घरोघरी टीव्ही होते, माझ्यापेक्षा मोठेही होते. पण ही मालिका धवलारणीच्याच घरी बघायची असं ठरलं. चंद्राने सुरमई कापताना चूक केली की सगळ्या एकदम ओरडायच्या, आणि तिच्यावर अन्याय झाला की मला शिव्या पडायच्या. त्या शिव्यासुद्धा मला आवडायच्या.

तीन महिन्यांनी त्या मालिकेच्या लेखकांकडून एक मुलगी आली. नाव स्नेहल. खरे धवले शोधत गावोगाव फिरत होती. माझ्यासमोरच खाली बसली आणि मोबाईल पुढे धरला. येसूबाईने चार धवले दिले. पाचवा तो बोलावण्याचा. तिथे ती अडली.

"नाव कोनाचा घेऊ?"

"काहीही घ्या आजी. खोटं चालेल. नंतर मालिकेतलं नाव बसवू आम्ही."

"रिकामा बोलावना करू नये पोरी. ज्याचा कोन नाय त्याला हाक मारली तर येनार कोन?"

मग ती माझ्या समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली. तो फोटो जोमाचा, तिच्या नवऱ्याचा. मिठागरात काम करायचा. मी या घरात यायच्या चार वर्षं आधी गेला. आणि येसूबाई डोळे मिटून गायली,

*मिठागरातून ये रे जोमा, मांडव घातलाय दारी,*
*लेकीची तुज्या हळद हाय, नको राहू बाहेरी...*

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "आजी, हे नाव मी बदलू देणार नाही." आणि तिने शब्द पाळला. चंद्राच्या हळदीच्या भागात जानकीच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव जोमा ठेवलं, आणि मागे आवाज येसूबाईचा. माझ्या तोंडून तो धवला निघाला तेव्हा पुतळाने पुढे होऊन माझा आवाज वाढवला. येसूबाई पदराने तोंड झाकून रडत होती. गणू कामावरून आला होता, चपला पायातच, तसाच दारात उभा. बापाचं नाव सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं, असं तो पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होता.

त्यानंतर काय दिवस होते ते! येसूबाईला उरणहून बोलावणी, पनवेलहून बोलावणी. सोसायट्यांत राहणारी शिकलेली माणसं गाडी घेऊन न्यायला यायची. गल्लीतल्या पाच पोरी रविवारी शिकायला बसू लागल्या. त्यात गणूची लेक, येसूबाईची नात, नाव पूर्वी, ती सगळ्यात पुढे. बीकॉम झालेली पोर, वहीत लिहून घ्यायची तर येसूबाई वही ओढून घ्यायची. "तोंडात घे आदी. वही काय मांडवात गानार हाय?" पूर्वीने तेव्हा वचन दिलं होतं, "आजी, माझ्या हळदीला आजोबांना तूच बोलवायचं. आणि तुझ्या मागे मी गाणार." मित्रांनो, मी भिंतीवरचा टीव्ही, पण तेव्हा माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

आता पुढचं सांगताना माझंच तोंड कडू होतं.

मालिका दोन वर्षांत संपायला हवी होती. चंद्राचं लग्न झालं, तिच्या घरची हडपलेली मिठागराची जमीन परत मिळाली, संपली गोष्ट. पण लोक बघत होते ना! मग ताणली. एका सोमवारी एकदम 'सात वर्षांनंतर' असं आलं, आणि चंद्रा दुसरीच. म्हणजे नटीच बदलली. घर गेलं, बंगला आला. चंद्राची स्मृती गेली. मग दुबईहून तिची जुळी बहीण आली. मच्छीची पाटी तर पुन्हा दिसलीच नाही. चंद्रा आता जरीच्या साडीत झोपायची आणि पुस्तकातलं मराठी बोलायची. एकदा तिने पापलेट बघून नाक मुरडलं. तेव्हा पुतळा म्हणाली, "हिला मेलीला पयला बाजारात बसवा, मंग बगू."

बायका चिडायच्या, नावं ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा यायच्या. मला हेच कळायचं नाही. वाईट झालंय हे ठाऊक, तरी रोज आशा. "आज सुदरंल बग." "आज जुनी चंद्रा परत येल." काही जणी एकमेकींना जुने भाग सांगत बसायच्या आणि मी समोर नवा भाग दाखवत असायचो. माझ्याकडे कोणी बघायचंही नाही. हळूहळू दहाच्या सहा झाल्या, सहाच्या तीन. येसूबाई मात्र एकही भाग चुकवायची नाही. तिला वाटायचं, आपण उठलो तर ते अजून बिघडवतील. असं कसं होईल, आजी? तुम्ही बघता म्हणूनच ते चालू आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं.

आणि मग तो गुरुवार आला.

जानकी आता खलनायिका झाली होती. चंद्राचं वाटोळं करायला तिने करणी केली. हिरवा उजेड, केस मोकळे, समोर लिंबू आणि कवटी. ती डोळे फिरवून गाऊ लागली. *मिठागरातून ये रे जोमा...* येसूबाईचा आवाज. तोच. फक्त मागे ढोल आणि कुत्र्यांचं रडणं घातलं होतं. *नको राहू बाहेरी* म्हटल्यावर खिडकीतून काळा हात आत आला. जोमा भूत झाला होता.

भावनाने धावत येऊन मला बंद केलं. पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. येसूबाई माझ्या काळ्या पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "आवाज मा‍जाच हाय ना?"

गणूने स्नेहलला फोन लावला. ती बिचारी रडायलाच लागली. "काका, मी वर्षापूर्वीच सोडली ती मालिका. नवे लेखक आलेत. रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच राहिलं. मी सांगते त्यांना, पण माझं कोण ऐकतंय?" गणूने चॅनलला लिहिलं, दोनदा लिहिलं. काही आलं नाही. आणि जोमाचं भूत चार महिने चाललं. त्याने लोकप्रियता वाढली म्हणे.

माझ्यावर राग काढा, मित्रांनो. मला 'नाही' म्हणता आलं नाही. जे आत आलं ते बाहेर दाखवलं. त्या चांगल्या माणसाचा फोटो समोर, आणि मी त्याच्याकडे तोंड करून रोज त्याला भूत म्हणत होतो.

गल्लीत पोरं एकमेकांना घाबरवायला "जोमा आला, जोमा आला" करू लागली. येसूबाईची बोलावणी थांबली. एक पार्टी लग्नाचं बोलावणं म्हणून आगाऊ नारळ देऊन गेली होती, तीही फोनवर म्हणाली, "आजी, बाकीचे धवले गा, तो एक नको. बायका घाबरतात." येसूबाईने तेही काम सोडलं. रविवारच्या पोरी एकेक करून यायच्या बंद झाल्या. कोणाची परीक्षा, कोणाला क्लास. शेवटी पूर्वी एकटी उरली, आणि तिचं लग्न ठरलं.

मुलगा भावेश, पावण्याचा, चांगला. त्याची आई मालतीबाई. वाईट बाई नाही हो ती, मी बघितली आहे. हळदीच्या आठ दिवस आधी घरी आली, चहा घेतला, आणि हात जोडून म्हणाली, "येसूबाय, रागाव नका. तुमचा मान मोटा हाय. पन त्यो धवला आमच्या हळदीला नको. आमच्याकडची पोरं त्या नावाला दचकतात. शुभकार्य हाय."

भावना म्हणाली, "अवो, ते यांचं मालक होते. पूर्वीचे आजोबा."

"मना ठाव हाय गो. पन लोकांना काय सांगू?"

गणू उसळला होता, पण येसूबाईने त्याला हाताने खाली बसवलं. "बराबर हाय त्यांचा," एवढंच म्हणाली.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी बाहेर मांडवात डीजे लागला होता. येसूबाई आत, माझ्यासमोर पाटावर बसली होती. पूर्वी हळदीची पिवळी साडी नेसून आत आली. मेकअप सगळा विस्कटलेला. तिने आजीचे दोन्ही हात धरले.

"आजी, बाहेर नको गाऊस. इथे गा. हळू. मी ऐकते. एकदाच आजोबांचं नाव घे."

"नको पोरी."

"अगं वचन दिलंय मी तुला! मी गाते मग. मला येतं."

"गाऊ नको!" येसूबाई इतक्या जोरात ओरडली की भावना दारात आली. मग म्हातारी हळू झाली. पूर्वीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "इतक्या लोकांनी त्याला भूत म्हनून बगितलाय. आता हाक मारली तर तो कंच्या तोंडाने येल गो नातीच्या मांडवात? लाजंल तो. राहू दे त्याला बाहेर."

पूर्वी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाहेरून तिला हाका येत होत्या. ती गेली, हळद लागली, दुसऱ्या दिवशी सासरी गेली. जोमा लग्नाला आला नाही.

येसूबाई त्यानंतर गायली नाही. पूर्वी माहेरी आली की विचारते, "आजी, मधलं कडवं कसं गं?" येसूबाई म्हणते, "इसरली." विसरलेली नाही, मला ठाऊक आहे, दुपारी घरात कोणी नसलं की तिचे ओठ हलतात, पण आवाज काढत नाही. गेल्या महिन्यात पूर्वीने तो धवला मोबाईलवर शोधला. जुना हळदीचा भाग कुठे मिळालाच नाही. मिळाला तो हिरव्या उजेडातला, कुत्र्यांच्या रडण्याचा. लाखो लोकांनी बघितलेला. तिने तो अर्ध्यात बंद केला.

मालिका अजून चालू आहे. आमच्या घरी कोणी बघत नाही. मला आता बातम्यांपुरतं लावतात, आणि नवा टीव्ही घ्यायचं चाललं आहे. घेऊ देत. मला भंगारात दिलं तरी माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरात, शेजारात असं कोणी गाणारं असेल तर त्यांचं गाणं माझ्या भरवशावर सोडू नका. आज मला बंद करा. त्यांच्यापुढे जाऊन बसा, आणि शिकून घ्या. त्यात कोणाचं नाव येत असेल तर ते माणूस कोण होतं, कसं होतं, तेही विचारून घ्या. जोमा मिठागरातून घरी येताना ओल्या पायांनी दारातच थांबायचा, येसूबाईने पाणी दिल्याशिवाय आत यायचा नाही. हे एकदा तिनेच पुतळाला सांगितलं होतं. माझ्या तोंडून ते कधीच कोणाला ऐकू गेलं नाही.