धारेच्या ओवीतली सुरंगा

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. म्हातारी म्हटलं म्हणून दात काढू नका. माझं नाव सुरंगा, आणि ते काव्यातलं आहे.

सुरंगा ही आमच्या माळावरच्या एका लांबलचक प्रेमकथेतली मुलगी. कुणा मेंढक्यानं ती कथा ओव्यांत बांधली. पुढं तिच्यावरून पोरींची नावं ठेवली, वरातीच्या बँडला नाव दिलं, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या टपरीलाही दिलं. चहा पांचट असतो म्हणे, पण पाटी झोकात आहे.

माझी मालकीण गोजाबाई धार काढताना रोज ती कथा गायची. ओवी सुरू झाली की मी पान्हा सोडायचे, ओवी थांबली की थांबायचे. शेजारीण चिडवायची, "गोजाबाई, शेळी हाय का रेडिओ?"

"रेडिओला बटन असतंया. हिला मन हाय," गोजाबाई फटकन सांगायची.

मग तिचा मुलगा सिदू शहरात कामाला लागला. कळप विकला, गोजाबाईबरोबर मला तेवढं इथं आणलं. पत्र्याच्या खोलीमागं एक खुंटा आणि मी. यंदाचं करडूही विकलं. मी हाक दिली तर उत्तराला रिक्षाचा भोंगा! त्यात गोजाबाई वारली. दुसऱ्या दिवसापासून मी पान्हा चोरला.

सिदू तापला. "खाती लई, आन् देती काय? लेंड्या! रविवारी खाटकालाच देतो हिला."

त्याची लेक ऋतुजा रडवेली झाली. तिनं दुधाची चरवी माझ्या कासेखाली ठेवून मोबाइलवर सुरंगाचं नवं गाणं लावलं, लग्नात डीजेवर वाजतं ते. नुसतं धाडधाड! मी चरवीला लाथ मारली. आमची सुरंगा काय अशी उड्या मारत होती?

रविवारी सकाळी सिदूनं माझं दावं सोडलं.

"पप्पा, एक डाव थांबा की!" ऋतुजा चरवी घेऊन माझ्या पोटाशी बसली. मोबाइल तिच्याजवळ नव्हता. तेच गाणं तिनं हळू, नुसत्या तोंडानं म्हटलं,

"सुरंगा माझी बाई, उभी माळाच्या कडंला,
सजणाची गं मेंढरं, गेली नदीच्या पल्याडला..."

अगं बाई! धाडधाड गेली आणि आतून गोजाबाईची चाल निघाली. चरवीत धार वाजू लागली.

सिदू दावं धरून तसाच उभा राहिला. "आईचं हाय की हे," एवढंच बोलला, आणि मला परत खुंट्याला बांधलं.

मी वाचले. पण नव्या गाण्यात त्या दोनच ओळी आहेत. ऋतुजा रोज त्याच म्हणते. रोज सुरंगा माळाच्या कडेला उभी राहते, आणि तिथंच राहते. "आज्जी पुढं काय म्हणायची गं?" पोर मलाच विचारते.

मित्रांनो, टपरीवर नाव रंगवलं म्हणजे काव्य जगत नाही. तुमच्याकडं कुणाला असं लांब गाणं येत असेल, तर आजच जवळ जाऊन बसा. कंटाळा आला तरी उठू नका.

मला तर सगळं पाठ आहे. तिचा सजण परत येतो की नाही, तेही. ऋतुजाला सांगावं म्हणून रोज तोंड उघडते, आणि नुसतं बें होतं.